आर्क विझताना त्याचा उजेड काय सांगतो: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गॅस सर्किट ब्रेकरवर (बिघाड झाला की करंट तोडणारा, गॅस भरलेला मोठा स्विच) लिहिताना मी ओघात म्हणून गेले होते की आतला आर्क, म्हणजे धातूचे कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सुटताना मधल्या गॅसमधून करंट वाहत राहतो तो पेटता खांब, २०,००० केल्विनपर्यंत तापतो आणि तरीही करंट शून्यावर आला की काही मायक्रोसेकंदात त्याला विझावंच लागतं. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळचा सगळा रकाना त्यालाच द्यायचं ठरवलं. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. करंट शून्यावरच्या प्रश्नाचं उत्तर बरंच लांबलंय, पण सगळी गोम तिथेच आहे त्यामुळे ते कापायला हात धजला नाही.

प्रश्न: मॅडम, मी सबस्टेशनमध्ये शिफ्टला असतो. ब्रेकर ट्रिप झाल्याचा आवाज रोजचा आहे पण आत काय घडतं ते कधी दिसलेलं नाही. २०,००० डिग्री कुणी मोजले आणि कशाने? एवढ्या उष्णतेत कुठलाही थर्मामीटर वितळून जाईल ना?

उत्तर: वितळणं तर सोडाच, त्याची वाफ होईल. धातूंमध्ये सगळ्यात उशिरा वितळतो तो टंगस्टन, आणि तोही ३,४२२ अंश सेल्सिअसला. त्यामुळे आर्कमध्ये काही खुपसून मोजायचा विचारच करता येत नाही. मग जे आपणहून बाहेर येतं तेच वाचायचं, आणि बाहेर येतो तो उजेड.

प्रयोगासाठी खास ब्रेकर बनवतात. त्याच्या धातूच्या भिंतीत क्वार्ट्झची खिडकी बसवतात, कारण साधी काच अतिनील भाग गिळून टाकते. आर्कवर गॅसचा झोत सोडणाऱ्या टेफ्लॉनच्या नोझलला आरपार बारीक चीर पाडतात किंवा त्यातही क्वार्ट्झचा तुकडा बसवतात. तिथून ऑप्टिकल फायबरने प्रकाश बाजूच्या खोलीतल्या स्पेक्ट्रोग्राफपर्यंत नेतात. फायबरमधून फक्त प्रकाशच जातो, हजारो अँपिअरच्या धुमाकुळाचा इलेक्ट्रिकल गोंगाट त्यातून येत नाही हा मोठा फायदा. स्पेक्ट्रोग्राफमधली ग्रेटिंग तो उजेड फोडून पसरवते आणि पुढचा कॅमेरा एक-दोन मायक्रोसेकंदांचं एक्स्पोजर घेऊन फोटो काढतो.

त्या फोटोत उभ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या सुमारास दाखवलं. आपल्या आर्कमध्ये ब्रेकरमध्ये भरलेल्या एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) गॅसमधलं गंधक आणि फ्लोरिन दिसतं, टेफ्लॉनमधला कार्बन दिसतो, आणि कॉन्टॅक्टवरून उडालेलं तांबं तर हमखास. तापमान वाढलं की अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळ्यांवर जास्त संख्येने जातात, म्हणजे कुठली रेषा किती झळकते यावरून तापमान काढता येतं. त्याच्याही पलीकडे अणूतून इलेक्ट्रॉन सुटून आयन किती झाले याचा हिशोब लागतो, आणि तो मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणातून येतो. साहांनी ते ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या वर्णपटासाठी मांडलं होतं, आणि तेच आज पोलादी टाकीतल्या हातभर लांबीच्याही नसलेल्या आर्कला लावतात, मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

आता अंदाज यावा म्हणून एक आकडा. ४० किलोअँपिअरचा फॉल्ट (शॉर्टसर्किटचा करंट) आणि आर्कवर ५०० व्होल्ट धरले तर २० मेगावॉट होतात. हे दहा मिलिसेकंद चाललं तर २०० किलोज्यूल, म्हणजे साधारण ६०० मिलिलिटर पाणी गार असताना उकळीला आणायला लागेल तेवढी ऊर्जा, पण सगळी नोझलमधल्या बोटभर जागेत आणि पापणी लवायच्या आत.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये आर्कच्या वर्णपटावरून तापमान काढतोय. तांब्याच्या ५१०, ५१५ आणि ५२१ नॅनोमीटरच्या तीन रेषांवरून बोल्ट्झमन प्लॉट काढला (रेषांची तीव्रता त्यांच्या वरच्या पातळीच्या ऊर्जेसमोर मांडायची आणि उतारावरून तापमान काढायचं), सरळ रेषा मस्त बसली आणि ९,००० केल्विनच्या आसपास तापमान आलं. त्याच शॉटमध्ये गंधकाच्या आयनच्या रेषा वापरल्या तर १६,००० येतंय. गाइड म्हणतात कुठलंतरी एक चुकलंय. कुठलं?

उत्तर: दोन्ही बरोबर असू शकतात. पण आधी त्या सरळ रेषेबद्दल बोलू, कारण तिथे तुमची फसगत होतेय. ५१०.५५ च्या रेषेची वरची पातळी ३.८२ इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे अणूतल्या ऊर्जेचं एकक) आहे, आणि ५१५.३२ व ५२१.८२ या दोघींची वरची पातळी ६.१९ लाच. म्हणजे तुमच्या प्लॉटवर बिंदू तीन दिसले तरी आडव्या अक्षावर जागा दोनच आहेत, आणि दोन जागांमधून सरळ रेषा कायमच बसणार, तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. त्यापेक्षा त्या दोन जुळ्या रेषांचा उपयोग तपासणीसाठी करा. दोघींची ऊर्जा सारखी आहे तर प्लॉटवर त्या एकाच उंचीवर यायला हव्यात, नाही आल्या तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा रेषेचा प्रकाश वाटेतल्या तांब्याच्याच वाफेने शोषला जातोय असं समजा आणि तापमान काढायच्या आधी ते निस्तरा.

तरी या रेषा लोक इतक्या वापरतात ते उगाच नाही. दोन पातळ्यांमध्ये २.३७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक आहे आणि रेषा एकमेकींच्या अगदी शेजारी, एकाच फोटोत मावतात. १०,००० केल्विनवरून ५,००० वर आलं की ५२१ चं ५१० शी असलेलं गुणोत्तर जवळजवळ १६ पटींनी घटतं, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसतो. आर्क थंडावतोय तसतशी ५१० ची रेषा शेजारणींच्या मानाने वर येताना बघितली की मग वर्णपट वाचणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता ९,००० आणि १६,००० चं. आर्क सगळीकडे सारखा तापलेला नसतो, मधला गाभा अतिशय तप्त आणि कडेला झपाट्याने थंड. तांब्याचा अणू ७.७३ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच आयन होतो, त्यामुळे गाभ्यात तटस्थ तांबं फारसं उरतच नाही, ते उरतं कडेच्या थरात. गंधकाला आयन व्हायला १०.३६ लागतात, त्याचे आयन गाभ्यातच सापडणार. तुम्ही बाजूने बघताय, म्हणजे जाडीभरातला सगळा प्रकाश एकावर एक साचून तुमच्या फायबरमध्ये शिरतोय, तेव्हा तांब्याने तुम्हाला कडेचं तापमान सांगितलं आणि गंधकाने आतलं. हे थर सोडवायला एबल इन्व्हर्जन करावं लागतं. एका ओळीत अनेक फायबर लावून आर्कच्या रुंदीभर मोजमाप घ्यायचं, बाहेरच्या थरापासून सुरुवात करून एकेकाचा वाटा वजा करत मध्यापर्यंत यायचं. ते चालायला आर्क गोल हवा, आणि नोझलमधला आर्क कधी कधी वळवळतो, तेव्हा दोन दिशांनी बघून खात्री करा. गाइडना प्रत्येक त्रिज्येला वेगळं तापमान असा आलेख दाखवा, वाद मिटेल.

आणखी एक. इलेक्ट्रॉनची घनता काढायला बरेच जण हायड्रोजनची ६५६.२८ ची रेषा घेतात, कारण आजूबाजूच्या विद्युतभारांमुळे ती चांगली रुंदावते. पण कार्बनच्या आयनच्या दोन रेषा ६५७.८ आणि ६५८.३ ला आहेत. टेफ्लॉनची वाफ भरपूर असेल तर त्या रुंद होऊन हिच्यावर पसरतात, आणि मग तुम्ही तिघींची मिळून रुंदी मोजता आणि घनता भलतीच जास्त येते.

प्रश्न: तुम्ही म्हणता ब्रेकरची खरी परीक्षा करंट शून्यावर येतो तेव्हा असते. पण करंट शून्य म्हणजे आर्कला ऊर्जाही नाही आणि उजेडही नाही. मग जिथे सगळ्यात गरज आहे तिथेच ही पद्धत आंधळी होत नाही का?

उत्तर: होते. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट छळते आणि मलाही वर्षानुवर्षं छळली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

५० हर्ट्झला करंट दर १० मिलिसेकंदांनी शून्यातून जातो. ४० किलोअँपिअर असेल तर शून्याजवळ करंट दर मायक्रोसेकंदाला सुमारे १७.८ अँपिअरने उतरतो. म्हणजे शून्याच्या १०० मायक्रोसेकंद आधी अजून पावणेदोन हजार अँपिअर आहेत, १० मायक्रोसेकंद आधी पावणेदोनशेच्या आसपास, आणि १ मायक्रोसेकंद आधी जेमतेम १८. या उतरणीवर आर्कचा जाड खांब बारीक होत होत दोऱ्याएवढा राहतो आणि नोझलमधून गॅसचा झोत त्याला घासून नेत असतो. शून्य झाल्याबरोबर कॉन्टॅक्टवर सिस्टिमचं व्होल्टेज उसळी मारून चढायला लागतं. त्या क्षणी मधल्या वाटेत थोडी जरी चालकता उरली असेल तर काही अँपिअरचा उरलासुरला करंट वाहतो. गॅसने त्याच्यापेक्षा जास्त वेगाने उष्णता ओढून नेली तर काम फत्ते, नाहीतर तोच करंट वाट पुन्हा तापवतो आणि आर्क परत पेटतो. हा निकाल पहिल्या काही मायक्रोसेकंदांत लागतो. त्यातून वाचलं तरी पुढे शेकडो मायक्रोसेकंद दुसरी परीक्षा चालू असते, तिथे वाट आता चालक नसते पण गरम असते, आणि ३,००० केल्विनला त्याच दाबाच्या गॅसमध्ये कणांची संख्या ३०० केल्विनच्या मानाने दहावा भाग राहते, एवढा विरळ गॅस चढत्या व्होल्टेजला तोंड कसा देणार हा प्रश्न असतो.

मेयर यांनी १९४३ मध्ये या शून्याजवळच्या काळासाठी एक साधं समीकरण दिलं, त्यात आर्कचा टाइम कॉन्स्टंट (त्याची चालकता किती लवकर ओसरते तो काळ) आणि उष्णता जाण्याचा वेग असे दोनच आकडे आहेत, आणि मोठ्या करंटच्या काळासाठी कॅसी यांचं १९३९ चं आहे. करंट-व्होल्टेजच्या मोजमापावरून हे आकडे काढता येतात आणि ब्रेकरचं डिझाइन करणारे अजूनही ते वापरतात. पण त्यातून आर्कच्या आत कुठे किती गरम आहे हे कळत नाही, ते बघायला उजेडच लागतो, आणि ४-५ हजार केल्विनच्या खाली आर्कचा स्वतःचा उजेड इतका मंद होतो की कॅमेऱ्याच्या गोंगाटात हरवतो.

मग उपाय असा की उजेड आपला आणायचा. पलीकडून झेनॉन दिव्याचा प्रखर झोत बरोबर त्या क्षणाला सोडायचा आणि तो आरपार येताना कुठल्या तरंगलांब्या कमी झाल्या ते बघायचं. थंडावलेले तांब्याचे अणू तळच्या पातळीत बसलेले असतात, स्वतः चमकत नाहीत पण ३२४.७५ आणि ३२७.४० नॅनोमीटरचा प्रकाश आवडीने शोषतात. कार्बनचे दोन-दोन अणू जोडून झालेले रेणूही आपल्या पट्ट्यांमध्ये प्रकाश शोषतात, आणि रेणू दिसायला लागणं हीच मुळात थंडावल्याची खूण आहे. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या लायब्निझ प्लाझ्मा संस्थेत ब्रेकरच्या आर्कवर अशा तऱ्हेचं काम चालतं. दुसरा रस्ता लेझरचा, त्याला थॉमसन स्कॅटरिंग म्हणतात, मोकळ्या इलेक्ट्रॉनवरून लेझरचा प्रकाश विखुरतो तो मोजून इलेक्ट्रॉनची घनता थेट मिळते. त्याचा मोठा गुण असा की सगळे कण एकाच तापमानाला आहेत हे गृहीत धरावं लागत नाही. शून्याजवळ सगळं इतक्या वेगाने बदलतं की इलेक्ट्रॉन आणि जड कण यांचं तापमान एकच असेल याची खात्री नसते, आणि बोल्ट्झमन प्लॉट तर त्याच भरवशावर उभा असतो.

या सगळ्यात ट्रिगर जुळवणं हा सगळ्यात जिवावरचा भाग. आर्क विझायला यंत्र हलतंय, त्याची वेळ शॉटगणिक थोडी इकडेतिकडे होते, दिवा एकदाच पेटतो, कॅमेरा काही मायक्रोसेकंदच डोळा उघडतो. दिवसभराच्या तयारीनंतर एक शॉट आणि फोटो काळा, हे मी खूपदा बघितलंय.

प्रश्न: एका शॉटचे आकडे किती विश्वासाने घ्यावेत? तुम्ही स्वतः कधी फसलात का?

उत्तर: फसले. एका मालिकेत सहा शॉट घेतले आणि प्रत्येक शॉटला गाभ्याचं तापमान थोडं थोडं कमी येत गेलं. आम्ही फ्लोरिनच्या आयनची ४०२ नॅनोमीटरची रेषा आणि फ्लोरिनच्या अणूची ६९० ची रेषा यांच्या गुणोत्तरावरून तापमान काढत होतो. नोझल झिजून तोंड मोठं होतंय, झोत सुधारतोय, म्हणून आर्क थंड पडतोय असं आम्ही छान जुळवून टाकलं, माझ्या वहीत तसं लिहिलेलंही आहे. सातव्या शॉटच्या आधी खिडकी काढली तर आतून करडा पातळ थर बसलेला. तो निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त अडवत होता, म्हणजे आयनची रेषा दर शॉटला दबत होती आणि आर्क थंड झाल्यासारखा दिसत होता. आर्क पहिल्या दिवशी होता तेवढाच गरम होता. तेव्हापासून मी प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर टंगस्टनच्या प्रमाणित दिव्याचा वर्णपट त्याच खिडकीतून घ्यायला लावते, कितीही घाई असली तरी. आणि लांब लांबच्या रेषांच्या गुणोत्तरावर एकट्यावर भिस्त ठेवत नाही, शेजारच्या रेषांनी पडताळून बघते.

प्रश्न: एसएफ६ मध्ये असं काय आहे की तोच गॅस इतका चालतो? फक्त इन्सुलेशन चांगलं म्हणून?

उत्तर: इन्सुलेशन हवेच्या अडीच-तीन पट आहे हे खरंच, पण विझवण्याचं श्रेय जास्त करून दुसऱ्या दोन गोष्टींना जातं. त्याचा रेणू २,००० केल्विनच्या आसपासच तुटायला लागतो आणि तुटताना भरपूर उष्णता खातो, त्यामुळे आर्कच्या कडेला उष्णता जोरात ओढली जाते आणि गरम गाभा अरुंद राहतो. नायट्रोजनचा रेणू तुटतो ७,००० च्या आसपास, म्हणून तिथे आर्कचा गरम पसारा मोठा राहतो आणि विझायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे थंड होताना फ्लोरिन आणि त्याची संयुगं मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात, जड आयन झाल्यावर ते करंट वाहायला जवळजवळ निरुपयोगी.

प्रश्न: एसएफ६ वर बंदी येतेय म्हणतात. गॅस बदलला तर हे सगळं मोजमाप पुन्हा करायचं?

उत्तर: हो, करावंच लागतंय. शंभर वर्षांच्या हिशोबात एसएफ६ कार्बन डायऑक्साइडपेक्षा २३,००० पटींहून जास्त तापमानवाढ करतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने नव्या स्विचगिअरमधला त्याचा वापर २०२६ ते २०३२ दरम्यान टप्प्याटप्प्याने बंद होणार आहे. पर्याय म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचं मिश्रण, त्यात कधी थोडं फ्लोरोनायट्राइल, असे गॅस आलेत, मध्यम व्होल्टेजला व्हॅक्यूम तर आधीपासून आहेच.

पण वर्णपट बघितला की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. मोठा करंट असताना नोझलच्या गळ्यात टेफ्लॉनची इतकी वाफ सुटते की टाकीत गॅस कुठलाही भरा, तिथला आर्क बराचसा कार्बन आणि फ्लोरिनमध्येच जळत असतो. करंट उतरत जातो तशी ती वाफ ओसरते आणि टाकीतला गॅस आत शिरतो. तो किती लवकर आणि किती शुद्ध शिरला यावर शून्याचा निकाल ठरतो. नव्या गॅसमध्ये ऑक्सिजनच्या ७७७ नॅनोमीटरच्या तीन जवळजवळच्या रेषा त्यासाठी उपयोगी पडतात, त्या गळ्यात कधी दिसायला लागतात ते बघितलं की गॅस कधी पोचला ते कळतं. माझ्या मते नव्या ब्रेकरचं डिझाइन करणाऱ्यांनी आज सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, आणि नुसत्या टेस्ट पास-फेलच्या निकालावर ते कळत नाही.

प्रश्न: ओव्हरहॉलिंगला जुना ब्रेकर उघडला की आत पांढरी-करडी पावडर असते. ती याच आर्कची का? धोक्याची असते का?

उत्तर: हो, त्याचीच. तुटलेला गॅस बहुतेक सगळा परत जुळतो पण थोडा भाग तांबं, टंगस्टन, अॅल्युमिनियम यांच्याशी आणि आतल्या ओलाव्याशी संयोग पावतो. त्यातून धातूंची फ्लोराइडं होतात, ती ही पावडर, आणि त्यासोबत थायोनिल फ्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असे विषारी वायू. ताजा एसएफ६ विषारी नाही पण आर्क खाल्लेला एसएफ६ तसा समजायचा नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बाहेर या, वास बघायला वाकू नका. गॅस रिकव्हरी मशीनने काढून, आत व्हॅक्यूम करून, मग कोरडी हवा भरूनच टाकी उघडायची. ॲसिड गॅसचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे हवेतच. पावडर फडक्याने झटकायची नाही, ती बारीक कणांच्या फिल्टरवाल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायची. आणि एसएफ६ हवेच्या पाचपट जड असतो, तो खड्ड्यात आणि केबल ट्रेंचमध्ये साचून राहतो, तिथे उतरायच्या आधी ऑक्सिजन मोजा.